पुढाऱ्याचे उणे : अहमदाबादच्या संपातील तीन दिवस



माझे शाळेतील शिक्षण बेताचेच झाले. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर वाचले. तेव्हा इतिहासावर बोलताना पंडिताचा अधिकार मी सांगत नाही. संप, टाळेबंदी, लवाद ह्या गोष्टी ज्याने जवळून पाहिल्या आहेत अशा माणसाने इतिहास वाचला तर त्याला काय दिसते, एवढेच आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. एखाद्या जुन्या संपाची हकीकत हाती आली की मी आधी टक्के पाहतो, मग तारखा पाहतो, आणि त्या दोन तारखांच्या मध्ये किती घरांत चूल पेटली नसेल ह्याचा हिशेब करतो. पुढाऱ्यांची भाषणे मी शेवटी वाचतो.

आजचा प्रश्न असा : पुढाऱ्याने आपले उणे लोकांपुढे उघडे करावे, की झाकून ठेवावे?

सर्वसाधारण समजूत अशी की ते झाकावे. घरातील कर्त्या माणसाने रडू नये, सेनापतीने पाय मागे घेतलेला शिपायाला दिसू नये, युनियनच्या सेक्रेटरीने वाटाघाटीच्या टेबलावर घाम पुसू नये. ही समजूत अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. समोर बसलेला मालक फट शोधत असतो, आणि सापडली तर तीत पाचर मारल्याशिवाय राहत नाही. तरीही पुढाऱ्याने आपली उघडी बाजू चारचौघांत दाखविली आणि त्यामुळेच त्याचा शब्द अधिक वजनदार झाला, अशीही उदाहरणे इतिहासात आहेत. असे का घडते व केव्हा घडते, हे एका उदाहरणावरून तपासून पाहू. ते उदाहरण अहमदाबादच्या गिरणी कामगारांचे. साल १९१८, महिना मार्चचा.

प्रसंग गांधीजींचा आहे, म्हणून तो भक्तिभावाने ऐकावा असा माझा आग्रह नाही. आपण तो कामगारांच्या बाजूने, म्हणजे खालून वर पाहू.

१९१७ साली अहमदाबादेत प्लेगाची साथ आली. माणसे गाव सोडून जाऊ लागली. कामगार निघून गेले तर गिरण्या बंद पडतील, म्हणून मालकांनी विणकरांना पगारावर प्लेगचा बोनस सुरू केला. काही ठिकाणी तो पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत गेला होता. पुढे साथ ओसरली तेव्हा मालकांनी हा बोनस बंद करावयाचे ठरविले. पण साथ ओसरली तरी महागाई ओसरली नव्हती. पहिले महायुद्ध चालू होते. धान्य, कापड, रॉकेल सारेच भडकलेले होते. विणकरांनी पन्नास टक्के महागाई वाढ मागितली. मालक वीस टक्के द्यावयास तयार होते.

कामगारांच्या बाजूला उभ्या होत्या अनसूयाबेन साराभाई, आणि मालकांच्या बाजूचे खंबीर पुढारी होते त्यांचे सख्खे भाऊ शेठ अंबालाल साराभाई. गांधीजींचा दोघांशी स्नेह होता. १९१५ साली कोचरबच्या आश्रमात एका अस्पृश्य कुटुंबाला ठेवून घेतल्यावर आश्रमाची मदत आटली, तेव्हा एक शेठ मोटारीतून आले आणि तेरा हजार रुपये देऊन निघून गेले, ही हकीकत गांधीजींनी आत्मकथेत नाव न घेता दिली आहे. ते शेठ म्हणजे अंबालालच, असे पुढे सर्वत्र मानले गेले. म्हणजे ज्याच्याशी लढावयाचे त्याच्या उपकाराखाली पुढारी होता. हे पहिले उणे आणि ते आरंभापासूनचे. ते ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्रथम लवाद नेमला गेला. कामगारांतर्फे गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि शंकरलाल बँकर, मालकांतर्फे तिघे, आणि सरपंच म्हणून कलेक्टर. लवादाचे काम सुरू होण्यापूर्वीच काही गिरण्यांतील कामगारांनी गैरसमजाने काम बंद केले. गांधीजींनी ही चूक मालकांजवळ मोकळेपणी कबूल केली आणि ती दुरुस्त करण्याची तयारी दाखविली. मालकांनी काय करावे? त्यांनी त्याच चुकीवर बोट ठेवून लवाद मोडला! आपले उणे कबूल केले की समोरचा विरघळतो, असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. कबुली फुकटही जाते. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी सुरू झाली.

गांधीजींनी व त्यांच्या साथीदारांनी महागाई, मजुरीचे दर आणि गिरण्यांची स्थिती पाहून पस्तीस टक्के हा आकडा काढला, आणि पन्नास मागणाऱ्या विणकरांना त्यावर आणले. मग कामगारांनी साबरमतीच्या काठी, बाभळीच्या झाडाखाली प्रतिज्ञा घेतली : पस्तीस टक्के मिळाल्याशिवाय कामावर जावयाचे नाही, दंगा, मारामारी, लूटमार, शिवीगाळ करावयाची नाही. कामावर जाणाऱ्याला अडवावयाचे नाही आणि भिक्षेवर जगावयाचे नाही, हेही ठरले. संपाच्या दिवसांत दुसरी प्रामाणिक मजुरी करून पोट भरावयाचे. रोज पत्रक निघे, रोज त्या झाडाखाली सभा भरे. पाच-दहा हजार माणसे जमत. ‘एक टेक’ असे लिहिलेले निशाण घेऊन मिरवणुका निघत.

ह्या भागातील गर्दीचे आकडे व मिरवणुकांची वर्णने वाचून कोणालाही वाटेल की संप जोरात आहे. पण ज्याने संप पाहिला आहे तो पुढच्या तारखेची वाट पाहतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणगावात सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो ज्यांनी घरातून अनुभवला त्यांना सांगावयास नको की संपाची खरी लढाई सभेत होत नाही. ती वाण्याच्या दुकानात होते, भाडे मागणाऱ्या घरमालकाच्या दारात होते, शाळेची फी मागणाऱ्या पोराच्या तोंडाकडे पाहताना होते.

अहमदाबादेत ती तारीख १२ मार्च ही होती. त्या दिवशी मालकांनी टाळेबंदी उठविली. वीस टक्के घेऊन जो येईल त्याला दरवाजा उघडा! ही चाल अचूक होती. आतापर्यंत गिरणी मालकाने बंद ठेवली होती, म्हणून घरी बसणे कोणालाच लाजिरवाणे नव्हते. आता गिरणी उघडी होती आणि रोज सकाळी प्रत्येकाला स्वतःच्या मनाशी नव्याने निर्णय करावयाचा होता. उपाशी माणसाला हे फार जड जाते. हळूहळू काही लोक कामावर जाऊ लागले. जे बाहेर राहिले त्यांचा संताप आत जाणाऱ्यांवर वाढू लागला. मारामारी केव्हा होईल ह्याचा नेम नव्हता.

ह्याच दिवसांत छगनलाल गांधी सभेला बोलाविण्यासाठी एका चाळीत गेले होते. तेथील लोकांनी त्यांना ऐकविले ते महादेवभाई देसाईंनी ‘एक धर्मयुद्ध’ ह्या गुजराती पुस्तकात नोंदवून ठेविले आहे. त्याचा भावार्थ असा की, गांधीजींचे आणि अनसूयाबेनचे काय जाते? ती मोटारीतून येतात, मोटारीतून जातात, त्यांचे जेवण सुटत नाही. मरण आमचे चालले आहे, आणि सभेला येऊन पोट भरत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्याला कळते. हा टोमणा त्याच जातीचा होता, आणि तो खरा होता हेच त्याचे बळ. अशा वेळी पुढाऱ्यापुढे नेहमीचे तीन मार्ग असतात. पहिला, टोमणा मारणाऱ्याला मालकाचा माणूस ठरवावयाचे. दुसरा, आपण कामगारांसाठी काय काय सोसले ह्याचा पाढा वाचावयाचा. तिसरा, ऐकलेच नाही असे दाखवून पुढच्या सभेत आवाज चढवावयाचा. हे तिन्ही मार्ग मी चालताना पाहिले आहेत. त्यांनी सभा निभावते. चाळीत मात्र काही पोहोचत नाही.

१५ मार्चच्या सकाळी झाडाखाली हजारभरच माणसे आली, आणि तीही मान खाली घालून बसलेली. गांधीजींनी टोमण्याला उत्तर दिले नाही. तो त्यांनी स्वीकारला. पस्तीस टक्के मिळेपर्यंत मी अन्न घेणार नाही आणि मोटारही वापरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. हे शब्द आधी ठरविलेले नव्हते, ते आपोआप तोंडातून निघाले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. लोक बहुतेक उपोषणाचेच बोलतात. मला त्यातील मोटारीचा उल्लेख अधिक महत्त्वाचा वाटतो. चाळीतील माणसाने ज्या दोन गोष्टी बोलून दाखविल्या, जेवण आणि मोटार, त्याच दोन गोष्टी सोडल्या गेल्या. म्हणजे ‘तुझे म्हणणे माझ्यापर्यंत पोहोचले आणि ते खरे आहे’ एवढे त्या एका वाक्यात सांगून झाले. पुढारी उंचावरून खाली उतरला, आणि तोही नेमक्या त्या पायरीवर जेथे सामान्य कामगार उभा होता.

सभेत रडारड झाली. काही सहकाऱ्यांनी व कामगारांनी पहिल्या दिवशी बरोबरीने उपवास केला. गांधीजींनी त्यांना मोठ्या प्रयासाने परावृत्त केले. मगनलाल गांधींनी सुचविल्यावरून आश्रमाच्या विणकाम शाळेच्या पायात भरावयाच्या वाळूचे काम कामगारांना मिळाले. अनसूयाबेन स्वतः डोक्यावर टोपली घेऊन पुढे झाल्या आणि नदीच्या पात्रातून वाळू वाहणाऱ्या मजुरांची रांग लागली. गिरणीमालकाची बहीण, डोक्यावर वाळूची टोपली! ज्या लोकांनी मोटारीचा टोमणा मारला होता त्यांना ह्याहून वेगळे उत्तर देण्याची गरज उरली नाही. ढासळू लागलेला संप पुन्हा उभा राहिला.

येथे कोणी म्हणेल, ही तर युक्ती झाली. पोटाला चिमटा घेऊन दाखविला की लोक भुलतात. आजकाल तर कोणीही दोन तासांचे उपोषण करून छायाचित्र काढून घेतो. ही शंका योग्य आहे, आणि ती बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. कारण ह्या उपोषणात एक मोठा दोष होताच. उपोषण कामगारांची टेक टिकावी म्हणून होते. परंतु मालक गांधीजींचे स्नेही होते. अंबालालांच्या स्नेहाचे आणि मदतीचे ओझे मी आधीच सांगितले. हा माणूस आपल्या गावात आपल्यामुळे मरेल, ही भीती त्यांच्यावर दडपण आणणारच. मालकाने संपाच्या बळापुढे नमावे हे न्यायाचे. मित्राच्या प्राणाच्या काळजीने नमावे ही जबरदस्ती झाली. मालकांनी त्यांना तसे बोलूनही दाखविले, उपरोधाने दाखविले. तसे बोलण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, असे खुद्द गांधीजींनी मान्य केले आहे.

गांधीजींनी मालकांना सांगितले की माझ्या उपोषणाकडे पाहू नका, तुमच्या मताप्रमाणे वागा. १७ मार्चला आश्रमात प्रार्थनेच्या वेळी आपल्या माणसांपुढे ह्या उपोषणातील दोष त्यांनी उघड करून सांगितला. लढा चालू असताना, निकाल हाती नसताना, ‘माझ्या शस्त्राला डाग आहे’ असे सेनापतीने सांगणे हे दुसरे उणे. पहिल्या दिवशीच्या कबुलीने टाळ्या मिळतात, डोळ्यांत पाणी येते. ह्या दुसऱ्या कबुलीने काहीच मिळत नाही, उलट प्रतिपक्षाच्या हाती कोलीत जाते. मग ती का केली? मला दिसते ते कारण असे की, तिच्यावाचून पहिली कबुली ही नुसती युक्तीच ठरली असती.

तिसऱ्या दिवशी, १८ मार्चला तडजोड झाली. तिचे टक्के पाहण्यासारखे आहेत. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचाही शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून दोहोंच्या मधले साडेसत्तावीस टक्के, आणि अखेरचा निर्णय लवादाकडे. लवाद म्हणून प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव ह्यांना दोन्ही पक्षांनी मान्य केले.

आता ह्या तडजोडीचे काय करावे? पंचवीस दिवस उपाशी राहिलेल्या माणसांना एका दिवसाचे पस्तीस टक्के! आमच्यापैकी कोणीही सेक्रेटरी असता तर त्याने गुलाल उधळून ‘ऐतिहासिक विजय’ अशी पत्रके वाटली असती. गांधीजींनी कामगारांना सांगितले की मी जे आणले आहे त्याने प्रतिज्ञेचे अक्षर पाळले जाते, तिचा आत्मा पाळला जात नाही, आणि तूर्त एवढ्यावर समाधान मानले पाहिजे. हे तिसरे उणे, आणि ते ज्यांच्या जिवावर लढा झाला त्यांच्यासमोर कबूल केलेले. माझ्या अनुभवाने ही कबुली सर्वांत अवघड. मालकाजवळ हरलो म्हणणे एक वेळ सोपे. कामगारांजवळ ‘पूर्ण मिळाले नाही’ म्हणणे फार कठीण. परंतु हे न सांगता जो विजयाचे ढोल वाजवितो, त्याचा कामगार पहिला पगार हाती पडताच पाकिटातले पैसे मोजतो, आणि त्या दिवशी पुढाऱ्याच्या शब्दाची किंमत कायमची उतरते.

ध्रुवांचा निवाडा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला : पस्तीस टक्के. पुढे २५ फेब्रुवारी १९२० रोजी अहमदाबादच्या मजूर महाजनाची स्थापना झाली. तंट्याचा निकाल लवादाने लावावयाची रीत त्या शहरात रुजली ती ह्याच पायावर. ह्याच संघटनेच्या महिला शाखेतून १९७२ साली इला भट्ट ह्यांची ‘सेवा’ ही संस्था निघाली. १९६९ साली एरिक एरिक्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने ह्या एका संपाभोवती गांधीजींवरचे सबंध पुस्तक लिहिले. त्यांच्याशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट कामगार चळवळीतील माणसाला चटकन दिसते. त्या शहरात मालक आणि कामगार ह्या दोघांनाही ह्या माणसाच्या शब्दावर हिशेब ठेवता येऊ लागला, कारण आपल्या बाजूची चूक आणि तोटा तो आपण होऊन सांगत होता.

परंतु ह्या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी वकिली केली असे होईल. एप्रिल १९१९ मध्ये रौलेट कायद्याविरुद्ध सत्याग्रह चालू असताना गांधीजींना अटक झाल्याची बातमी अहमदाबादेत आली. अनसूयाबेननाही पकडल्याची अफवा उठली. तेच गिरणी कामगार, ज्यांनी बाभळीच्या झाडाखाली दंगा न करण्याची शपथ घेतली होती, ते खवळून रस्त्यावर आले. जाळपोळ झाली, एका सार्जंटचा जीव गेला, लष्करी कायदा पुकारला गेला. म्हणजे पुढाऱ्यावरचे प्रेम पुरेपूर होते, आणि त्या प्रेमानेच आग लागली! पुढाऱ्याने आपले उणे दाखवून जो जिव्हाळा मिळविला तो व्यक्तीवर जडला होता. शिस्त अजून लोकांच्या अंगी मुरावयाची होती. हा धोका मोठा आहे. पुढाऱ्याच्या डोळ्यांतील पाणी पाहून जे एकत्र येतात, ते त्याच्या अटकेच्या अफवेने बेभानही होऊ शकतात.

१४ एप्रिलला गांधीजींनी आश्रमात सभा घेतली, स्वतः तीन दिवसांचा उपवास जाहीर केला आणि लोकांना एक दिवसाचा करावयास सांगितले. ज्यांनी गुन्हे केले त्यांनी ते कबूल करावेत, आणि सरकारने त्यांना क्षमा करावी, असे त्यांनी सुचविले. दोघांपैकी कोणीही मानले नाही. १८ एप्रिलला सत्याग्रह स्थगित झाला. पुढे नडियादला बोलताना, लोकांची तयारी होण्याआधी आपण कायदेभंगाला हाक दिली ही हिमालयाएवढी चूक झाली, असे त्यांनी सांगितले. त्याबद्दल त्यांची पुष्कळ थट्टा झाली. तरी पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२० मध्ये, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा त्यांचा कार्यक्रम स्वीकारला. हे केवळ त्या कबुलीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. जालियनवाला बाग आणि खिलाफत ही त्यामागची मोठी कारणे होती. मात्र त्या कबुलीने त्यांचे वजन घटले नाही, एवढे निश्चित.

ह्या सर्व हकीकतीवरून मला तीन कसोट्या सुचतात. त्या गिरणीपुरत्या नाहीत. आपल्या गावच्या शिक्षणसंस्थेला, सहकारी बँकेला, नगरपालिकेला, फार काय घरालाही त्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी : उणे उघड करण्याची किंमत कोण मोजतो? पुढारी स्वतः मोजत असेल तर ती कबुली. ‘माझे सहकारी कमी पडले’ असे म्हणणारा स्वतःचे काही उघड करीत नाही. तो दुसऱ्याचे वस्त्र फेडतो.

दुसरी : ज्याला त्याचा गैरफायदा घेता येईल त्याच्यासमोर ती केली आहे काय? आपल्याच गोतावळ्यात, आपल्याच भक्तांपुढे गळा दाटून येणे फार सोपे असते. मालकासमोर आणि फसलो असे वाटणाऱ्या कामगारासमोर जो बोलतो त्याचे बोलणे ऐकावे.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : कबुलीनंतर लोक स्वतःच्या पायांवर अधिक उभे राहतात, की पुढाऱ्याच्या पायांशी अधिक बसतात? अहमदाबादने ह्या कसोटीला १९१८ साली एक उत्तर दिले आणि १९१९ साली दुसरे. कायमचे उत्तर दिले ते १९२० नंतर, सभासदांची वर्गणी गोळा करून, तक्रारींची वही ठेवून, लवादापुढे कागद मांडून. पुढाऱ्याच्या उपवासाने संप तीन दिवस उभा राहिला. संघटना उभी राहावयास वह्या-पावत्या लागल्या. आमच्या तरुण कार्यकर्त्यांना मी हे नेहमी सांगतो, कारण त्यांना उपवासाचे आकर्षण असते आणि पावतीपुस्तकाचा कंटाळा.

एक गोष्ट सांगून पुरे करतो. उपोषणातील दोषाची कबुली गांधीजींनी १९१८ साली आश्रमाच्या चार भिंतींत केली आणि मग ती विसरून गेले, असे झाले नाही. १९२५ पासून ‘नवजीवन’ साप्ताहिकात त्यांची आत्मकथा क्रमशः येऊ लागली, आणि तीत त्या उपोषणाचे प्रकरणही आले. ‘नवजीवन’ निघत होते अहमदाबादेतूनच. शेठ अंबालाल त्याच गावात होते, अनसूयाबेन मजूर महाजनाचे काम पाहत होत्या, झाडाखाली बसलेले विणकर अजून साच्यावर उभे होते. ज्यांना सारे ठाऊक होते, अशा माणसांच्या गावात, त्यांच्याच भाषेत, ते छापून आले. त्यातला शब्द खोटा असता तर तो दाखवून देणारी माणसे त्याच गावात होती.